उत्तरेकडचा हॉल आणि निळसर ग्रे

स्टॉकहोमला घर घेतलं आणि हॉलला रंग कुठला द्यायचा यावर आमच्याकडे तीन आठवडे नुसती चर्चा चालली होती. मला हवा होता निळसर झाक असलेला हलका ग्रे. सोलापूरला लहानपणापासून तेच बघत आले ना, दिवाळीआधी चुना काढायचे तेव्हा आई त्यात थोडी नीळ घालायला लावायची आणि मे महिन्यात बाहेर ४२ डिग्री असताना त्या खोलीत पाय ठेवला की डोळे निवायचे.

पण इथे हॉलच्या खिडक्या उत्तरेला, हिवाळ्यात ऊन आत येतच नाही, येतो तो फक्त आकाशाचा उजेड आणि तो मुळातच निळसर असतो. त्यात डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या आसपास उगवून तीनच्या आत मावळतो, भर दुपारीसुद्धा क्षितिजाच्या जेमतेम ७ अंश वर.

इथे रंग एनसीएस (नॅचरल कलर सिस्टम) कोडवर मागतात, म्हणजे प्रत्येक छटेला ठरलेला कोड, ही पद्धत स्वीडनचीच. माझा ग्रे होता एस १००२-बी, म्हणजे १० टक्के काळेपणा, २ टक्के रंग आणि तो निळा. नवऱ्याने काढला एस ०५०५-वाय२०आर, पिवळ्यात थोडा लाल. आई फोनवर म्हणाली, "पिवळट नको गं, भिंत जुनी दिसते."

मग दोन्हीचे छोटे डबे आणले, मोठ्या कागदांवर दोन-दोन कोट मारले आणि आठवडाभर ते कागद खिडकीशेजारी, मग सोफ्यामागे, मग दाराजवळ असे चिकटवत फिरले. अडीच वाजता माझा ग्रे ओल्या सिमेंटसारखा दिसायचा, आणि शेजारचा कागद दुधावरच्या सायीसारखा, आणि संध्याकाळी २७०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा बल्ब लावला की ग्रे आणखीच मळकट. शेड कार्डावरच्या दोन बोटांच्या तुकड्यात यातलं काही म्हणजे काही दिसत नाही, म्हणून सांगते, कागद रंगवल्याशिवाय मोठा डबा घेऊच नका.

हॉलला सायीचा रंग दिला. बेडरूम मात्र दक्षिणेला आहे, आणि जूनमध्ये पहाटे साडेतीनला उजाडतं ते रात्री दहापर्यंत उजेड, तिथे मी माझा निळसर ग्रेच लावलाय आणि उन्हात तो अगदी आमच्या नीळ घातलेल्या चुन्यासारखा दिसतो.