खाणबंदीपासून कोपऱ्यात पडलेला कॉम्प्युटर

जुना डेस्कटॉप दुकानात आला की "हा गेला, नवीन घ्या" म्हणणं हे आमच्या लायनीत सगळ्यात सोपं काम. दोन मिनिटांत गिऱ्हाईक मोकळं होतं आणि नवीन विकला तर मार्जिन पण मिळतं. मला हे कधीच पटलं नाही. का पटत नाही ते २०२५ च्या जुलैमधल्या एका केसवरून सांगतो, कारण त्या दिवशी आमच्या धंद्यात जे जे होऊ शकतं ते जवळजवळ सगळं एकाच मशीनवर झालं.

कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान माझं, गोव्यात डिचोलीला. बाहेर धो धो पाऊस, आणि एक गृहस्थ टेम्पोतून प्लास्टिकात गुंडाळलेला कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड सगळं घेऊन उतरले, बरोबर त्यांची मुलगी. मुलीला फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरची सीट मिळालेली, एका ठिकाणी नवीन मशीनचा भाव ३५ हजारांच्या आसपास सांगितलेला आणि तेवढे पैसे लगेच काढणं घरात शक्य नव्हतं. त्यांचे पूर्वी खनिज वाहतुकीचे टिप्पर होते, ट्रिपांचा हिशेब ठेवायला म्हणून हा कॉम्प्युटर २०११ च्या डिसेंबरात घेतलेला, बिल अजून फायलीत होतं. वर्षही झालं नाही तोवर २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्या महिन्यात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला, टिप्पर दारात उभे राहिले आणि हिशेबच उरला नाही म्हटल्यावर कॉम्प्युटर पण झाकून ठेवला गेला. मध्ये खाणी चालू झाल्या, २०१८ च्या मार्चात परत बंद पडल्या, तोपर्यंत ह्यांनी टिप्पर विकले होते. थोडक्यात, तेरा-चौदा वर्षांचं मशीन पण चाललेलं जेमतेम काही महिने.

मला म्हणाले, "जाता जाल्यार कर, जायना जाल्यार तशें सांग." म्हणजे होत असेल तर कर, होत नसेल तर तसं सांग. असं सरळ बोलणाऱ्या माणसाचं काम करायला मला फार आवडतं.

मुलगी म्हणाली, दादा, मी बघत थांबू का? मी म्हटलं थांब बाय, तुलाच वापरायचा आहे.

इतकी वर्षं बंद असलेलं मशीन आणल्या आणल्या प्लगला लावायचं नाही, हे मी सगळ्यांनाच सांगतो. आधी उघडायचं. उघडलं तर आत खाणीची लाल धूळ, पंख्याच्या पात्यांवर, हीटसिंकच्या फटींत, रॅमच्या स्लॉटमध्ये सगळीकडे, आणि एका कोपऱ्यात पालीची फुटकी अंडी. ब्लोअर आणि पेंटचा ब्रश घेऊन आधी ती सगळी काढली, पंखा बोटाने धरून, कारण ब्लोअरच्या हवेने पंखा भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं. मग टॉर्च घेऊन मदरबोर्डवरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून सोडणारी छोटी नळकांडी, बघितले, सगळ्यांची डोकी सपाट, कुठे फुगवटा नाही, कुठे गळालेलं नाही. माझ्या दृष्टीने निम्मा निकाल तिथेच लागला. एसएमपीएसच्या, म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, जाळीतून टॉर्च मारला तर तिथे मात्र दोन कपॅसिटर फुगलेले. बाहेर काढून, हिरवी वायर काळीला जोडून मीटर लावला तर १२ व्होल्टच्या लाईनवर ११.१ आणि तेही काहीच लोड नसताना. पाच टक्के फरक चालतो, म्हणजे ११.४ च्या खाली जाता कामा नये. एसएमपीएस बाद. ह्या एका वस्तूवर मी कधीच तडजोड करत नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी, कारण बाकी कुठलाही पार्ट मेला तर एकटा मरतो, एसएमपीएस मरताना बोर्ड, डिस्क सगळ्यांना घेऊन जातो. पावसाळ्यात आमच्याकडे व्होल्टेज कसं वरखाली होतं ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

बेंचवरचा माझा चांगला एसएमपीएस लावून चालू केलं. पंखा फिरला, डिस्प्ले नाही, लांब लांब बीप. गृहस्थांचा चेहरा उतरला. पण बीप येतोय म्हणजे बोर्ड जिवंत आहे, तो ओरडून सांगतोय की रॅम दिसत नाही. रॅम काढली तर सोनेरी पट्ट्या काळपट पडलेल्या, आमच्या हवेत दमटपणा इतका की हे होतंच. साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवला, रबराचा चुरा ब्रशने झाडला, स्लॉटमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, नीट वाळू दिलं आणि परत लावली. डिस्प्ले आला. तारीख अर्थातच चुकीची, तारीख-वेळ सांभाळणारा आतला सीआर २०३२ सेल कधीच संपलेला. तो बदलायलाच हवा, कारण तारीख मागची राहिली की ब्राउझर सगळ्या वेबसाइटना असुरक्षित म्हणत बसतो आणि लोकांना वाटतं इंटरनेट बिघडलं.

आता आत काय होतं ते सांगतो. एच ६१ चिपसेटचा बोर्ड, आय थ्री २१२० प्रोसेसर, २ जीबीची एकच डीडीआर थ्री रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. बिलावर डिस्कची किंमत बघून मुलगी म्हणाली एवढी महाग? तेव्हा थायलंडला मोठे पूर आले होते, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर डिस्कचे भाव चढले, हे नेमके त्याच वेळी घ्यायला गेले.

डिस्कला हात लावायच्या आधी मी विचारलं, ह्यात ठेवण्यासारखं काय आहे? हिशेब नको म्हणाले, पण नाटकं आहेत. गावच्या जत्रेला ते मंडळाच्या नाटकांत काम करतात आणि जुन्या हस्तलिखितांवरून काही संहिता त्यांनी त्या काळी रात्री बसून टाईप केल्या होत्या, दुसरी प्रत कुठेच नाही. मी सरळ विंडोज चालू केलंच नाही. पेनड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी दुसरी सिस्टीम, चालू करून डिस्क फक्त वाचायच्या मोडमध्ये जोडली. स्मार्ट रिपोर्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यात, पेंडिंग सेक्टर दिसत होते, म्हणजे काही जागा वाचताना अडकणार. अशी डिस्क मरायच्या वाटेवर असते, तिच्यावर काहीही लिहायला गेलं की उरलेलं पण जाऊ शकतं. आधी नाटकांचा फोल्डर काढला, मग बाकीचं. फायली आल्या, उघडल्या आणि सगळीकडे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला! ते घाबरलेच. पण त्या काळी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारखंच दिसणाऱ्या मराठीत, टाईप करणारे कमी, एकेका कंपनीचे आपापले फॉन्ट असायचे, तो फॉन्ट नसेल तर मराठी दिसणारच नाही. जुन्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये तो फॉन्ट पडलेला होता, तो कॉपी करून टाकला आणि पहिला अंक पहिला प्रवेश जसाच्या तसा समोर आला. ते उभ्या उभ्या वाचायलाच लागले. जुना कॉम्प्युटर फॉरमॅट मारण्याआधी फॉन्ट्स फोल्डर कॉपी करून ठेवा हो, ही विनंती मी भेटेल त्याला करतो, किती संस्थांचे अहवाल आणि किती लोकांच्या कविता ह्या एका कारणाने वाचता येत नाहीत.

मग पैशांचं गणित. मुलीने प्रश्न अगदी योग्य विचारला, बोर्डच नवीन का नाही घालायचा? बोर्ड बदलला की डीडीआर थ्री रॅम त्यात बसत नाही, खाच वेगळ्या जागी, व्होल्टेज वेगळं, म्हणून रॅम नवीन, प्रोसेसरचा सॉकेट वेगळा म्हणून प्रोसेसर नवीन, आणि बघता बघता आपण ३५ हजारांच्या जवळ पोचतो. त्यापेक्षा ह्या बोर्डाची शेवटची मर्यादा कुठे आहे ते बघायचं आणि तिथपर्यंत न्यायचं. एच ६१ मध्ये रॅम १६ जीबीपर्यंत चालते. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपांवर डेटा ठेवणारी डिस्क, घालायची तर नव्या वेगवान एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीवरून तो बूट होत नाही, पण साधी अडीच इंची साटा एसएसडी चालते, तीही ३ गिगाबिटच्या पोर्टवर, म्हणजे सेकंदाला तीनशे एमबीच्या आतच. लोक म्हणतात मग काय उपयोग. खूप उपयोग! ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कला एक फेरी पूर्ण करायला ८ मिलिसेकंदांच्या वर लागतात आणि मशीन चालू होताना शेकडो बारीक बारीक फायली इकडून तिकडून वाचायच्या असतात, जो वेळ जातो तो ह्या शोधाशोधीत जातो. एसएसडीत फिरायला काही नाहीच, म्हणून जुन्या पोर्टवरसुद्धा मशीन बदलल्यासारखं वाटतं.

प्रोसेसर आय थ्री दोन कोरचा. माझ्याकडे एका ऑफिसच्या जुन्या मशीनमधून काढलेला आय फाइव्ह ३४७० होता, चार कोरचा, सॉकेट तोच ११५५. पण तो पुढच्या पिढीचा, २०१२ चा, आणि हा बोर्ड त्याच्या आधीचा, त्यामुळे बोर्डाचं जुनं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्राम, त्याला ओळखत नाही, थेट बसवला तर डिस्प्लेच येत नाही आणि माणूस समजतो प्रोसेसर डेड. आधी जुन्या प्रोसेसरवरच बायोस अपडेट करायचं, मगच बदलायचा. कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलची, त्याच रिव्हिजनची फाइल मिळाली, पेनड्राइव्हवर टाकली, यूपीएसवर मशीन लावलं आणि सुरू केलं.

पट्टी अर्ध्याच्या थोडी पुढे गेली असेल, मोठा गडगडाट झाला आणि लाईट गेली. सगळ्या बाजारात अंधार, दुकानात फक्त तो मॉनिटर आणि यूपीएसचा टूं टूं आवाज. बायोस लिहिताना करंट गेला तर चिपमध्ये अर्धं जुनं अर्धं नवीन राहतं आणि बोर्ड चालूच होत नाही. बाहेरून प्रोग्रामर लावून चिप परत लिहिता येते, तो माझ्याकडे आहे, पण चौदा वर्षांच्या बोर्डावर ती वेळ येऊ नये असंच वाटतं. यूपीएसची बॅटरी मी पावसाळ्याआधी बदललेली होती ह्याचं त्या क्षणी मला काय समाधान वाटलं म्हणून सांगू. कोणी काही बोललं नाही. पट्टी शेवटाला गेली, व्हेरिफाय झालं, मशीन आपोआप रीस्टार्ट झालं आणि नवीन बायोसचा नंबर दिसला तेव्हा गृहस्थ म्हणाले देवी लईराईक नारळ दितां, आणि मी पण मनात हात जोडले.

लाईट यायला बराच वेळ लागला, तोवर टॉर्चच्या उजेडात प्रोसेसर बदलला. ह्या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डावर असतात, केसासारख्या बारीक, एक जरी वाकली तरी संपलं, म्हणून प्रोसेसर सरळ वरून ठेवायचा, घासायचा नाही. तो मीच ठेवला. थर्मल पेस्ट मात्र मुलीला लावायला दिली, मधोमध छोटा ठिपका, पसरवायची नाही, आणि कूलरचे चार खटके तिरपे तिरपे दाबून बसवायचे, तिने ते इतकं नीट केलं की मला परत हात लावावा लागला नाही. रॅम ४ जीबीच्या दोन घातल्या, एक ८ ची नाही, कारण ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच असल्यामुळे दोन चॅनलचा, म्हणजे दोन्ही रॅम एकाच वेळी वापरण्याचा, फायदा चांगलाच मिळतो.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि आठव्या पिढीपासूनचा इंटेल लागतो, इथे दोन्ही नाही. इकडून तिकडून जुगाड करून टाकता येतं पण विद्यार्थिनीच्या मशीनवर मी ते करत नाही, एखाद्या अपडेटला अडकलं तर सबमिशनच्या आदल्या रात्री ती कोणाकडे जाणार? विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तेव्हाच जाहीर होतं. म्हणून लिनक्स मिंट २२ टाकलं, त्याला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत, म्हणजे तिचं चार वर्षांचं शिक्षण जवळजवळ त्यात बसतं. सी, पायथन, ऑफिसचं काम सगळं त्यावर होतं, आणि मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड पण चालू करून दिला, वडिलांसाठी.

एसएमपीएस, एसएसडी, माझ्याकडचा सेकंडहँड प्रोसेसर, सेकंडहँड रॅम, वायफाय डोंगल, सेल आणि माझी मजुरी धरून बिल झालं ७,१४० रुपये. कॅबिनेट, बोर्ड, मॉनिटर, कीबोर्ड त्यांचेच. हार्ड डिस्क मी त्यांना परत दिली आणि सांगितलं हिच्यावर आता काही ठेवू नका, नाटकं दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या.

पुढे २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांपायी नवीन रॅमचे भाव असे चढले की तेव्हा ३५ हजारांत मिळणारं मशीन त्या पैशांत मिळेना. त्याच सुमारास ती मुलगी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर, चालवायला अडतंय म्हणून आली, तिला भंगारातून आलेल्या ८ जीबीच्या दोन डीडीआर थ्री रॅम टेस्ट करून लावून दिल्या, बोर्डाची १६ ची मर्यादा तिथे पूर्ण झाली.

तिच्या सांगण्यावरून वर्गातला एक मुलगा पण आपलं मशीन घेऊन आला. कोअर टू ड्युओ, डीडीआर टू रॅम, बोर्डावर तीन कपॅसिटर गळालेले. त्याला मी नाही सांगितलं. त्यावर घातलेला पैसा वर्षभरात वाया गेला असता. त्याचा मॉनिटर, कीबोर्ड आणि कॅबिनेट मात्र उत्तम आहेत, ते ठेवून घ्यायला सांगितलंय आणि त्याच्यासाठी एखाद्या ऑफिसातून निघालेला चौथ्या पिढीचा बोर्ड शोधतोय.