उन्हाच्या वेळापत्रकाने चालणारी खोली: काचेच्या खोलीतील हिवाळ्याचा माझा अनुभव

आमच्या घराच्या दक्षिण बाजूला एक खोली आहे, जिला तीन बाजूंनी आणि वरूनही काचच आहे. सगळे तिला सनरूम म्हणतात. उन्हाळ्यात भर दुपारी तिथे पाऊल ठेवणे अशक्य होई, त्यामुळे हिवाळ्यात हीच घरातील सर्वांत सुखाची जागा ठरेल, असे मी गृहीत धरले होते. माझा अंदाज निम्माच खरा ठरला. दुपारी एक वाजता तिथे स्वेटर काढून ठेवावा लागे, आणि संध्याकाळी सहा वाजता त्याच खुर्चीवर पुस्तकाचे पान उलटण्यासाठीसुद्धा शालीतून बोटे बाहेर काढवत नसत. आई म्हणे, ही खोली दिवसा माहेर आणि रात्री सासर.

पहिल्या हिवाळ्यात मी सर्वांना सुचतो तोच उपाय केला, म्हणजे १५०० वॉटचा हीटर आणून ठेवला. तो रात्री तास न् तास चालूनही खोलीत ऊब जेमतेमच राही आणि बंद केल्यावर पंधरा मिनिटांत गारठा परत येई. हीटर बिघडला आहे, असे मी घरात ठामपणे सांगत असे. पुढे कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला, तेव्हा हीटर निर्दोष ठरला. साध्या एकेरी काचेच्या आतबाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असला, की प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे ५.८ वॉट उष्णता बाहेर जाते. आमच्या नुसत्या उभ्या काचाच १५ चौरस मीटर भरतात. बाहेर ३ अंश आणि आत १८ अंश हवे असतील, तर त्या काचांतूनच १३०० वॉट निसटणार. छत आणि फटींचा वाटा निराळाच. दुहेरी काच बसवल्यास ही गळती निम्म्यावर येते, पण सगळ्या चौकटी बदलण्याची तयारी आमची तेव्हाही नव्हती आणि आजही नाही.

म्हणून दुसऱ्या हिवाळ्यात मी हीटर बाजूला ठेवला आणि दोन तापमापक आणले. एक काचेच्या खोलीत सावलीला टांगला, दुसरा आतल्या दिवाणखान्यात. सावलीला हे महत्त्वाचे, कारण पहिल्या दिवशी तो उन्हात राहिला आणि त्याने ३८ अंश दाखवून आम्हाला उगीच खूश केले. पंधरा दिवस दर दोन तासांनी आकडे वहीत लिहिल्यावर चित्र स्पष्ट झाले. निरभ्र दिवशी बाहेर जेमतेम ५ अंश असतानाही दुपारी खोली २४ अंशांपर्यंत तापे. ऊन काचेतून सहज आत येते, फरशी आणि भिंती ते शोषून तापतात, त्यांच्यापासून तापलेली हवा काचेमुळे आतच अडकते आणि त्या वस्तूंनी बाहेर टाकलेले अवरक्त, म्हणजे उष्णतेचे न दिसणारे किरणही काचेतून थेट पार होत नाहीत. पण ऊन हटले, की तापमान झरझर उतरू लागे, आणि मी पडदे ओढत होते ते अंधार पडल्यावर, म्हणजे निम्मी ऊब निघून गेल्यावर. त्या वहीने मला शिकवले ते एवढेच, की ही खोली घड्याळावर चालत नाही, ती उन्हावर चालते.

सर्वप्रथम फटी बुजवल्या. वारा असलेल्या दिवशी पेटती उदबत्ती प्रत्येक चौकटीच्या कडेने सावकाश फिरवली. धूर सरळ वर जात असेल तर ठीक, आडवा झाला की तिथे फट. सरकत्या दारांच्या खालच्या कोपऱ्यांत धूर असा काही वळला, की तिथे बोटभर जागा असावी असे वाटले. हलणाऱ्या भागांना रबरी पट्टी आणि स्थिर जोडांना सिलिकॉन, एवढ्यावर दोन दिवसांत काम झाले.

पडद्यांनी मात्र मला बरेच दमवले. जाड, अस्तर लावलेले पडदे हौसेने शिवून घेतले, पण ते फरशीपासून चार बोटे वर राहिले. काचेलगत गार झालेली हवा जड होऊन खाली उतरते, पडद्याखालून खोलीत शिरते आणि तिच्या जागी वरून उबदार हवा पडद्यामागे ओढली जाते. म्हणजे पडदा लावूनही गारठ्याचा झरा घोट्यांपाशी वाहतच राहिला. शेवटी पडद्यांना खाली पट्टी जोडून ते फरशीला टेकवले आणि वर लाकडी पेल्मेट, म्हणजे पडद्याचा माथा झाकणारी पेटी, बसवून ती बाजूही बंद केली. पूर्वेकडच्या ज्या काचांतून कोणी बाहेर पाहत नाही, त्यांना बबल रॅप चिकटवला. दिसायला तो अजिबात शोभत नाही, परंतु उपयोगी आहे.

यानंतरचे काम मला सर्वांत आवडले. हिवाळ्यात सूर्य आकाशात खालून जात असल्याने ऊन उभ्या काचेतून खोलीच्या मागच्या भिंतीपर्यंत पोहोचते. एका रविवारी दर तासाला मी फरशीवरच्या कवडशाची कड खडूने आखली. संध्याकाळपर्यंत फरशीवर तिरप्या रेषांचा पंखा उमटला, आणि कोणत्या जागेला सर्वाधिक वेळ ऊन मिळते ते नजरेला दिसले. तिथे वीस लिटरचे पाच कॅन काळा रंग देऊन, पाण्याने भरून मांडले. शंभर लिटर पाणी दिवसभरात १० अंशांनी तापले, तर त्यात विजेच्या एका युनिटहून थोडी अधिक उष्णता साठते आणि ती रात्री हळूहळू बाहेर पडते. घरात या कॅनांची यथेच्छ थट्टा झाली. पण पहाटे जिथे पूर्वी ६ अंश दिसत, तिथे पडदे आणि कॅन मिळून ९ ते १० दिसू लागले, तेव्हा थट्टा थांबली.

आता दिनक्रम ठरला आहे. ऊन काचेवर आले की पडदे उघडायचे. ही खोली दिवाणखान्यापेक्षा दोन अंश गरम झाली की मधले दार उघडून ऊब घरात घ्यायची. दोन्ही आकडे सारखे झाले की दार बंद करायचे, आणि ऊन हटण्याच्या अर्धा तास आधी पडदे ओढायचे. संध्याकाळी बसायचेच असेल, तर हवेऐवजी थेट अंग शेकणारा लहान रेडियंट हीटर पायांकडे रोखून तासभर लावते. तो पडद्यापासून मीटरभर लांब असतो आणि खोलीतून उठताना बंद होतो.

फटी बुजवल्यावर एक नवी कटकट उद्भवली. सकाळी काचा आतून घामेजलेल्या दिसू लागल्या आणि चौकटीच्या कोपऱ्यांत बुरशीचे काळे ठिपके आले. २० अंशांच्या हवेत ५० टक्के आर्द्रता असेल, तर ९ अंशांच्या आसपास थंड झालेल्या पृष्ठभागावर तिचे पाणी होते, आणि आमची काच रात्री त्याहून कितीतरी गार असते. कपडे वाळत घालणे तिथून हलवले, कुंड्यांना पाणी निम्म्यावर आणले आणि रोज सकाळी वरची झडप दहा मिनिटे उघडू लागले. कुंड्यांना त्याचा फायदाच झाला. आधीच्या वर्षी दोन झाडे थंडीने गेली असे मी समजत होते, पण त्यांची मुळे कुजलेली होती.

आई आता अकरा ते तीन तिथेच ऊन खात बसते. त्यामुळे ड जीवनसत्त्व मिळेल, ही तिची आशा मात्र मला मोडावी लागली, कारण त्यासाठी लागणारे अतिनील-ब किरण खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. अतिनील-अ मात्र येतात, आणि खुर्चीच्या निळ्या गादीचा एका हंगामात उडालेला रंग हे त्यांचेच काम असावे.

छताच्या काचेचा प्रश्न अजून सुटलेला नाही. निरभ्र रात्री ती आकाशाकडे उष्णता टाकून सर्वांत आधी थंड होते आणि पहाटे तिच्यावरून थेंब ओघळतात. त्यातला एक नेमका आईच्या खुर्चीवर पडतो, म्हणून रात्री खुर्ची हातभर मागे, खडूच्या दहाच्या रेषेवर सरकवून ठेवते.