पहाटे पाच पन्नासची मॅच

अमेरिकेत मिलवॉकीला तीन वर्षं काढून मी जून २०१० मध्ये पुण्याला परत आलो, आणि पुढच्याच फेब्रुवारीत ग्रीन बे पॅकर्स या तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या टीमने सुपर बोल (म्हणजे लीगची अंतिम मॅच) जिंकला. मी तिथे असताना त्यांनी काय दिवे लावले होते? जानेवारी २००८ मध्ये, घरच्या लॅम्बो फील्डवर, उणे अठरा अंश सेल्सियसच्या थंडीत, आमच्या ब्रेट फार्व्हने ओव्हरटाइममध्ये बॉल सरळ न्यूयॉर्क जायंट्सच्या हातात दिला आणि आम्ही सुपर बोलच्या उंबरठ्यावरून परत फिरलो. पुढच्या मोसमात सोळापैकी दहा मॅच हरलो. त्याच्या पुढच्या वर्षी ॲरिझोनाविरुद्ध पंचेचाळीस पॉइंट करूनही हरलो, कारण त्यांनी एक्कावन्न केले. माझा तिथला नागपूरकर रूममेट अजून म्हणतो, "तुझा पायगुण. तू विमानात बसलास आणि आमचं भलं झालं."

अमेरिकन फुटबॉलचं वेड मला तिथे लागलं ते नाइलाजाने. सोमवारी ऑफिसात कालच्या मॅचशिवाय दुसरा विषय नसायचा, आणि गप्प बसून जेवणं किती दिवस करणार? शिवाय ती टीमच मजेशीर. ग्रीन बे हे जेमतेम लाखभर वस्तीचं गाव. टीमला कोणी शेठ मालक नाही, लोकांनीच शेअर घेतलेत. त्या शेअरवर लाभांश मिळत नाही, तो बाजारात विकता येत नाही, फक्त वार्षिक सभेला जाऊन बसता येतं. मला हे समजायला एक मिनिटही लागलं नाही. माझे आजोबा सहकारी साखर कारखान्याचे सभासद होते. फरक इतकाच की तिथे दिवाळीला साखर मिळायची. आज पॅकर्सचे असे सभासद पाच लाखांच्या वर आहेत. २०११ च्या डिसेंबरात त्यांनी पुन्हा शेअर काढले, अडीचशे डॉलरला एक. रूममेटने घेतला. भारतातून तो घेता येत नव्हता, त्यामुळे मी आपला बिनशेअरचा सभासद.

पुण्यात आल्यावर पहिला शत्रू घड्याळ. रविवारी दुपारी एकची मॅच, म्हणजे पूर्व किनाऱ्याची एक, आपल्याकडे रात्री साडेदहाला लागते. तिथे संध्याकाळी चार पंचवीसला सुरू होणारी रात्री एक पंचावन्नला. ही वेळ माणसांची नाही. रविवार रात्रीची मोठी मॅच सोमवारी पहाटे पाच पन्नासला, सोमवारची मंगळवारी पहाटे, गुरुवारची शुक्रवारी. त्यात नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिका घड्याळं एक तास मागे घेते आणि आपण घेत नाही. हे मला माहीत होतं. तिथे राहताना तीन वर्षं मी स्वतःच्या हाताने घड्याळ मागे केलं होतं. तरी २०१० च्या त्या सोमवारी, दिवाळी नुकतीच आटोपलेली, मी साडेपाचला उठून उरलेल्या चकल्या घेऊन लॅपटॉपसमोर बसलो. मॅच सहा पन्नासला सुरू झाली. तोवर चकल्या संपल्या होत्या. त्या दिवशी डॅलस काउबॉइजना आम्ही ४५-७ असं धुतलं आणि मी त्यातला एकही प्ले, म्हणजे एकही डाव, डोळ्यांनी पाहिला नाही.

कारण तेव्हा माझ्याकडे "पाहणं" असं काही नव्हतंच. घरच्या इंटरनेटवर व्हिडिओ चालेना. एका वेबसाइटवर हिरव्या मैदानाचं चित्र असायचं, त्यावर एक बाण पुढे-मागे सरकायचा आणि खाली एक ओळ यायची: तिसरा डाउन, म्हणजे तिसरा प्रयत्न, सात यार्ड बाकी. मग वीस-पंचवीस सेकंद काही नाही. मग बाण सरकायचा. आख्खा मोसम मी बाण पाहिला. रेडिओवर क्रिकेट ऐकलेल्या पिढीला यात काही नवल वाटणार नाही, पण रेडिओवर निदान माणूस ओरडतो. बाण ओरडत नाही.

सुपर बोल मात्र बाणावर पाहायचा नाही असं ठरवलं. ७ फेब्रुवारी २०११, सोमवार, पहाटे पाच. मिलवॉकीत रूममेटने टीव्हीसमोर खुर्ची ठेवली, खुर्चीवर दोन जाड डिक्शनऱ्या आणि त्यावर लॅपटॉप, तोंड टीव्हीकडे. स्काइपवर मला टीव्ही दिसत होता, म्हणजे टीव्हीच्या जागी एक उजेडाचा चौकोन दिसत होता आणि त्यात पिवळे ठिपके हलत होते. पॅकर्सची हेल्मेट पिवळी, त्यामुळे आपले कुठे आहेत एवढं कळायचं. आवाज चित्राच्या पुढे. तिकडे दहा जण ओरडले की मला कळायचं काहीतरी चांगलं होणार आहे, आणि मग दोन-तीन सेकंदांनी ते व्हायचं. भविष्य कळणं इतकं कंटाळवाणं असेल असं वाटलं नव्हतं. चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला आमच्या क्ले मॅथ्यूजने समोरच्या पिट्सबर्गच्या धावपटूच्या हातून बॉल उडवला तेव्हा चित्र गोठलं. परत आलं तेव्हा बॉल आमच्याकडे होता. ३१-२५. आमच्या आरोन रॉजर्सला सामन्याचा मानकरी ठरवलं. इकडे नऊ वाजले होते. मी उडी मारून स्वयंपाकघरात गेलो आणि आईला म्हणालो, "जिंकलो!" ती म्हणाली, "बरं झालं. गॅस बंद कर, दूध वर येतंय."

परदेशातल्या टीमचा चाहता असण्याचा खरा त्रास हा आहे. झोपेचं काय, ती दुपारी भरून काढता येते. जिंकल्याचं सांगायला माणूस नसतो.

मग आमचं तंत्र सुधारत गेलं. रूममेटने तळघरात केबलच्या डब्याला स्लिंगबॉक्स जोडला. मी इथून इंटरनेटवरून त्याच्या डब्याचं चॅनेल बदलायचो आणि तिथलं टीव्ही इथे बघायचो, जाहिरातींसकट. मिलवॉकीतल्या कारच्या शोरूमच्या जाहिराती मी कोथरूडमध्ये बसून पाठ केल्या. कधी त्याची मुलगी कार्टून बघत असताना माझ्याकडून चॅनेल बदललं जायचं आणि मग त्याचा फोन यायचा. (ते यंत्रही गेलं. ९ नोव्हेंबर २०२२ ला कंपनीने सगळ्या सर्व्हरची सेवा बंद केली आणि जगभरचे स्लिंगबॉक्स एका दिवसात विटा झाले. त्याच्याकडे आमची वीट अजून आहे.)

तोवर मी केव्हाच लीगचा परदेशी प्रेक्षकांसाठीचा गेम पास घेतला होता. यात एक गंमत आहे. अमेरिकेत राहणाऱ्याला मॅच विखुरलेल्या मिळतात, काही या चॅनेलवर, काही त्या ॲपवर, आणि रविवारी दुपारी आपल्या भागात जी दाखवतील ती. बाहेरच्याला सगळ्या एका ठिकाणी. २०२३ पासून हा पास डाझोन नावाच्या ॲपवर गेलाय, पण आतला माल तोच: थेट मॅच, नंतर पूर्ण रेकॉर्डिंग, आणि चाळीस-एक मिनिटांची आटवलेली मॅच, ज्यात फक्त प्ले असतात. तीन तासांच्या मॅचमध्ये बॉल प्रत्यक्ष खेळात असतो जेमतेम अकरा मिनिटं, त्यामुळे आटवायला वाव भरपूर. स्कोअर लपवायचीही सोय आहे.

मी वर्षभर शहाण्यासारखा त्या सोयीवर जगलो. रात्री झोपायचं, सकाळी कोणाचा फोन घ्यायचा नाही, बातम्या उघडायच्या नाहीत, संध्याकाळी घरी येऊन आटवलेली मॅच. दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, जग निकाल सांगायला टपलेलं असतं. एका ॲपची मी तीन वर्षांपूर्वी चालू केलेली सूचना ऐन मीटिंगमध्ये मोबाइलवर उगवते. दोन, निकाल कळला नाही तरी तो लागून गेलेला असतो, आणि ते पोटात माहीत असतं. शिळ्या मॅचला नवस बोलता येत नाही.

म्हणून १९ जानेवारी २०१५ ला मी जागा राहिलो. सिएटलशी मॅच, जिंकलो तर सुपर बोल, सुरुवात रात्री एक पस्तीसला. आमचा बचाव भन्नाट खेळत होता. सिएटलच्या रसेल विल्सनचे चार पास पकडले. चौथा पकडला तेव्हा पाच मिनिटं उरली होती आणि स्कोअर होता १९-७. पकडणारा मॉर्गन बर्नेट पुढे मोकळं मैदान असून स्वतःहूनच खाली बसला, म्हणजे आता काही गडबड नको, संपली मॅच. त्याला पटलं, मलाही पटलं. सकाळी नऊला क्लायंटचा कॉल होता. मी टीव्ही बंद केला आणि समाधानाने झोपलो.

साडेसातला उठून स्कोअर पाहिला. २८-२२, सिएटल. मला वाटलं आकडे उलटे छापलेत. मग बसून ती पाच मिनिटं पाहिली, आंघोळ न करता. बॉल परत स्वतःलाच मिळावा म्हणून सिएटलने मुद्दाम जवळच मारलेली ऑनसाइड किक आमच्या ब्रँडन बॉस्टिकच्या हातात येऊन निसटली, ती मी चार वेळा पाहिली. क्लायंटच्या कॉलवर मी काय बोललो ते मला आठवत नाही. त्या दिवसापासून नियम: घड्याळात शून्य दिसेपर्यंत उठायचं नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात नियमाने परतफेड केली. डेट्रॉइटची मॅच, आपल्याकडे शुक्रवार, ४ डिसेंबर. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही २०-० ने मागे. जानेवारीपूर्वीचा मी असतो तर फोन खिशात घातला असता. आता मात्र कंपनीच्या बसमध्ये मांडीवर फोन धरून बसलो. हिंजवडीची बस, वाकडच्या पुलाजवळ ट्रॅफिक नेहमीसारखा गोठलेला. २३-२१, अजून मागेच. शेवटच्या प्लेला वेळ संपला, पण डेट्रॉइटच्या खेळाडूने रॉजर्सच्या हेल्मेटची जाळी पकडली असं पंचांनी ठरवलं आणि दंड म्हणून वेळ संपूनही एक प्ले जादा मिळाला. रॉजर्स मागे पळाला, बाजूला पळाला आणि बॉल असा आकाशात भिरकावला की तो छताला लागतो की काय असं वाटलं. एकसष्ट यार्ड. खाली घोळका, त्यातून रिचर्ड रॉजर्स नावाचा आडनावबंधू वर उठला आणि त्याने तो झेलला. २७-२३. मी ओरडलो. आख्खी बस माझ्याकडे वळली. शेजारचे गृहस्थ आनंदाने म्हणाले, "झाली का रहाणेची सेंच्युरी?" दिल्ली कसोटीत रहाणे आदल्या दिवशी ८९ वर नाबाद होता. मी म्हणालो, "होईलच." दुसरं काय सांगणार? झालीही त्या दिवशी.

सांगायला माणूस नाही, ही तक्रार सुटली ती अनपेक्षित बाजूने. पहाटे पाच पन्नासला घरात जागी असणारी दुसरी व्यक्ती आईच. पहिली दोन-तीन वर्षं ती चहा ठेवून निघून जायची. मग एकदा दाराशीच उभी राहिली. "सारखे थांबतात कशाला रे? खेळायचंय की नाही यांना?" मी कबड्डीवरून समजावलं: चार वेळा चढाई, चारांत मिळून दहा यार्ड पुढे जायचं, गेलं तर पुन्हा चार, नाही तर बॉल त्यांचा. तिने ऐकून घेतलं आणि आपली परिभाषा तयार केली. पॅकर्स म्हणजे "पिवळ्या टोपीचे". पंच दंडासाठी पिवळा रुमाल टाकतात ते "फडकं". क्वार्टरबॅक म्हणजे "तो वाटप करणारा". घड्याळावर तिचा मुळीच विश्वास बसला नाही. "दोन मिनिटं राहिलीत म्हणालास, माझी भाजी चिरून झाली." आता ती वाती वळत बघते आणि फडकं पडलं की माझ्या आधी ओरडते.

७ सप्टेंबर २०२४ ला गणेश चतुर्थी आली शनिवारी, आणि त्याच पहाटे पावणेसहाला पॅकर्सची मोसमातली पहिली मॅच, तीही ब्राझीलमध्ये, साओ पावलोला. दक्षिण अमेरिकेतली लीगची पहिलीच मॅच, समोर फिलाडेल्फिया ईगल्स. गुरुजी नऊला येणार होते. मी हिशेब केला, बसतंय. आई म्हणाली, "बसतंय तर बस, पण नारळ खवत बस."

पाच चाळीसला रूममेटचा फोन. तो आता डॅलसला असतो. मॅच तिकडे त्याच्या कुठल्याच चॅनेलवर नव्हती, पीकॉक नावाच्या एकाच ॲपवर होती आणि ते त्याच्याकडे नव्हतं. "तुझ्याकडे लागलीय ना? फोन टीव्हीकडे धर." मी मोदकपात्राच्या झाकणाला फोन टेकवून ठेवला. चित्र बरं होतं, २०११ पेक्षा खूपच बरं. मैदान निसरडं, खेळाडू घसरत होते. ईगल्सचा सेक्वान बार्कली तीनदा बॉल घेऊन आमच्या शेवटच्या रेषेपार गेला, म्हणजे तीन टचडाउन. तिकडून डॅलसचे सुस्कारे, इकडे उकडीचा वास. मध्येच तो म्हणाला, "काकू, मोदक दाखवा ना." आईने एक कळ्या पाडलेला मोदक कॅमेऱ्यासमोर धरला, त्यात आमचा एक टचडाउन हुकला.

शेवटी ३४-२९, आम्ही मागे. आमच्या जॉर्डन लव्हने पास टाकला आणि तो पाय धरून गवतावर पडला. सगळे थांबले. डॉक्टर धावले. आणि बेल वाजली. गुरुजी नऊला पाच कमी असतानाच दारात. मी नारळाचे हात घेऊन उठणार, तेवढ्यात आईने मला खाली बसवलं आणि स्वतः दारात गेली.

"या गुरुजी, बसा. चहा टाकते. सहा सेकंद राहिलेत, म्हणजे दहा मिनिटं तरी धरा."