आमची वाटचाल : श्वास मोजण्याचा धंदा

सुरुवात केली ती धावपटूंपासून. एक ट्रेडमिल, एक मास्क, छातीवर बांधायचा हृदयगतीचा पट्टा आणि श्वासातला ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, एवढंच भांडवल. येणाऱ्या प्रत्येकाला एकच आकडा हवा असायचा, व्हीओटू मॅक्स. म्हणजे पूर्ण जोर लावल्यावर शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं ते. पुढे मनगटावरची घड्याळंही हा आकडा सांगू लागली आणि "मग तुमच्याकडे कशाला यायचं?" हा प्रश्न रोजचाच झाला. घड्याळ वेग आणि हृदयगतीवरून अदमास बांधतं. आम्ही प्रत्यक्ष श्वास मोजतो. आत जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन साधारण 20.9 टक्के असतो, बाहेर पडताना तो 16-17 टक्क्यांवर आलेला असतो. त्या फरकावर आमचं पोट चालतं.

त्यामुळे दार उघडलं की पहिला मान यंत्राचा. तीन लिटरची सिरिंज जोडून दट्ट्या कधी सावकाश, कधी झपकन ढकलायचा आणि यंत्र दर वेळी तीनच लिटर म्हणतंय ना, ते बघायचं. मग ज्यातलं प्रमाण आधीच ठाऊक आहे अशा वायूच्या सिलिंडरवर तपासणी. दाढीवाल्यांचा मास्क हा वेगळाच विषय. कडेने हवा निसटली की आकडा खाली येतो, म्हणून मास्कचं तोंड तळहाताने दाबून फुंकायला सांगतो. कुठे फुस्स झालं की पट्टे पुन्हा आवळायचे.

विश्रांतीच्या वेळचा चयापचय, म्हणजे आरएमआर, आम्ही नंतर मोजू लागलो. आज निम्म्याहून जास्त काम त्याचंच आहे. येणारे बहुतेक जण "माझं मेटाबॉलिझम स्लो आहे" असा निकाल आधीच घेऊन येतात. हॅरिस-बेनेडिक्टचं 1919 चं सूत्र किंवा त्यानंतरची सूत्रं वजन-उंची-वयावरून सरासरी सांगतात, पण समोरचा माणूस त्या सरासरीपासून शे-दोनशे कॅलरी इकडेतिकडे असू शकतो. मिनिटाला 250 मिलिलिटर ऑक्सिजन वापरला आणि 205 मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला असं मोजमाप आलं, की वीर यांच्या 1949 च्या समीकरणाने दिवसाला सुमारे 1,745 कॅलरी निघतात. अंगातल्या स्नायूंचा हिशेब धरला तर बहुतेकांचा दर अपेक्षेएवढाच असतो. हे ऐकून काहींचा चेहरा पडतो, त्याला आमचा इलाज नाही.

ही चाचणी दिसते सोपी, पण शांत पडून राहणं लोकांना फार जड जातं. रात्रभर उपाशी, कॅफिन नाही, व्यायाम नाही, फोन आमच्या ताब्यात. पहिल्या पाच मिनिटांचं मोजमाप आम्ही धरतच नाही. घाबरून कुणी भराभरा श्वास घेतला, तर कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि त्याचं वापरलेल्या ऑक्सिजनशी गुणोत्तर एकच्या वर जातं. उपाशी, स्वस्थ पडलेल्या माणसात ते साधारण 0.7 ते 1 च्या मध्ये हवं. ते एकच्या वर गेलं की अहवाल देत नाही, दुसऱ्या दिवशी बोलावतो आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

एका व्यायामशाळेला अहवालावर ठळक अक्षरांत 'मेटाबॉलिक वय' छापून हवं होतं. त्याला धड व्याख्या नाही, म्हणून नकार दिला. ते काम गेलं, तेव्हा ते परवडणारं नव्हतं.

2016 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने नाडी आणि रक्तदाबाप्रमाणे हृदय-श्वसन क्षमतेचीही दखल दवाखान्यात घ्यावी, असं मांडलं. आमच्याकडेही हळूहळू न धावणारे, पन्नाशी ओलांडलेले लोक येऊ लागले. छातीत दुखण्याची तक्रार किंवा हृदयविकार असेल, तर डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय त्यांना ट्रेडमिलवर चढवत नाही. मग घाई कितीही असो.

आता दुसरं यंत्रही घेतलं आहे. जुन्या ग्राहकाची फेरचाचणी मात्र शक्यतो जुन्याच यंत्रावर, त्याच वेळेला आणि ट्रेडमिलच्या त्याच चढावर घेतो. दोन यंत्रांतली तफावत कधी कधी तीन महिन्यांच्या मेहनतीएवढी भरते.