पाच ऑलिंपिक आणि तीन जोडीदार

फिगर स्केटिंगमधील एकेरी खेळाडूची कारकीर्द समजायला सोपी असते, कारण यश त्याचे आणि अपयशही त्याचेच असते. जोडी स्केटिंगचे तसे नाही. तिथे एका खेळाडूचे वय, दुखापत, नागरिकत्व, फार काय, परदेशी भाषेच्या परीक्षेतील गुणसुद्धा दुसऱ्याचे भवितव्य ठरवतात. अल्योना साव्हचेन्कोची कारकीर्द मला म्हणूनच या खेळातील सर्वांत बोलकी कारकीर्द वाटते. तिच्या पदकांची यादी कोणालाही सापडेल. मला कुतूहल आहे ते त्या पदकांसाठी तिला किती वेळा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली याचे.

तिचा जन्म 19 जानेवारी 1984 रोजी युक्रेनमधील ओबुखिव्ह या कीव्हजवळच्या गावी झाला. बालपणीची एक जोडी सोडली, तर तिचा पहिला महत्त्वाचा जोडीदार स्टानिस्लाव्ह मोरोझोव्ह. त्याच्यासोबत तिने 2000 मध्ये कनिष्ठ गटाचे जागतिक विजेतेपद मिळवले आणि 2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये ही जोडी पंधरावी आली. त्यानंतर ती जोडी फुटली. अठरा-एकोणीस वर्षांची, जागतिक विजेतेपद गाठीशी असलेली ही मुलगी एकाएकी जोडीदाराविना राहिली, आणि जोडी स्केटिंगमध्ये जोडीदार नसलेल्या खेळाडूला स्पर्धेत उभे राहायला जागाच नसते.

2003 मध्ये ती जर्मनीतील केम्निट्झ या शहरात गेली. तिथे प्रशिक्षक होते इंगो श्टॉयर, म्हणजे 1997 चे जोडीतील विश्वविजेते, आणि जोडीदार होता तिच्याहून साडेचार वर्षांनी मोठा रॉबिन शोल्कोव्ही. पूर्व जर्मनीत जन्मलेल्या रॉबिनचे वडील टांझानियाचे आणि आई जर्मन. स्वभावाने शांत, बर्फावर अत्यंत सफाईदार असा हा खेळाडू आणि धोका पत्करायला सदैव उत्सुक असलेली अल्योना यांचे इतके जमले, की पुढील अकरा वर्षांत या जोडीने पाच जागतिक विजेतेपदे पटकावली : 2008, 2009, 2011, 2012 आणि 2014.

येथे नियमांविषयी थोडे सांगायला हवे. जागतिक स्पर्धेत जोडीतील एकजण त्या देशाचा नागरिक असला तरी चालते; ऑलिंपिकमध्ये मात्र दोघांनाही नागरिकत्व लागते. त्यामुळे 2006 च्या तुरिन ऑलिंपिकपूर्वी साव्हचेन्कोला जर्मन नागरिकत्व मिळवणे भाग होते. ते मिळाले, पण त्याच सुमारास श्टॉयर हे तरुणपणी पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचे, म्हणजे श्टाझीचे, खबरी होते हे उघडकीस आले. जर्मन ऑलिंपिक समितीने त्यांना पथकातून वगळले, तेव्हा ते न्यायालयात गेले आणि तिथून परवानगी मिळवून तुरिनला पोचले. जोडी सहावी आली. पुढे सरकारी पैसा श्टॉयर यांना बंद झाला, तरी दोघांनी प्रशिक्षक बदलला नाही. या निर्णयावर जर्मनीत बरीच टीका झाली आणि ती सर्वस्वी चुकीची होती असे मला म्हणवत नाही; परंतु ज्या देशाच्या पाळतयंत्रणेचा तो इतिहास होता, त्या देशात साव्हचेन्को वाढलेली नव्हती, एवढे लक्षात घ्यावे लागते.

ऑलिंपिकच्या सुवर्णपदकाने मात्र या जोडीला कायम हुलकावणी दिली. 2010 मध्ये व्हँकुव्हरला कांस्य मिळाले. 2012 मध्ये नीसच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी रशियाच्या तात्याना व्होलोसोझार आणि मॅक्सिम ट्रान्कोव्ह यांना अवघ्या 0.11 गुणांनी मागे टाकले. ही व्होलोसोझारही मूळची युक्रेनचीच, आणि ट्रान्कोव्हच्या आधी ती कोणाबरोबर खेळत होती म्हणाल, तर साव्हचेन्कोच्याच जुन्या जोडीदाराबरोबर, स्टानिस्लाव्ह मोरोझोव्हबरोबर. शिवाय काही काळ ते दोघे केम्निट्झला याच श्टॉयर यांच्याकडे शिकत होते. या खेळाचे जग इतके लहान आहे, की सोयरिकी मोजाव्यात तशा जोड्या मोजाव्या लागतात.

2014 मध्ये सोचीला व्होलोसोझार-ट्रान्कोव्हने सुवर्ण जिंकले. स्पर्धा दोन टप्प्यांची असते, आधी छोटा कार्यक्रम, मग मुख्य कार्यक्रम, आणि दोन्हींच्या गुणांची बेरीज होते. साव्हचेन्को-शोल्कोव्ही पहिल्या टप्प्यानंतर दुसरे होते, पण मुख्य कार्यक्रमात शोल्कोव्ही एका उडीत पडला आणि शेवटी साव्हचेन्को थ्रो ट्रिपल ॲक्सेल करताना पडली. हा थ्रो काय असतो हे पाहिल्याशिवाय तिचा स्वभाव कळत नाही. पुरुष स्त्रीला कमरेशी धरून वेगात पुढे फेकतो. तिने हवेत साडेतीन गिरक्या घ्यायच्या आणि एका पायावर, पाठमोरे, स्केटच्या पातीच्या बाहेरच्या कडेवर उतरायचे. खाली बर्फ, अंगावर पातळ पोशाख आणि वेग फेकणाऱ्याने दिलेला. म्हणजे स्वतःच्या उडीपेक्षा कितीतरी मोठा धक्का घोट्याला सोसावा लागतो. ऑलिंपिकच्या कार्यक्रमाच्या अगदी शेवटी, पाय थकलेले असताना, हा प्रकार ठेवण्याचे शहाणे कारण मला तरी सापडत नाही. पुन्हा कांस्यच मिळाले. काही आठवड्यांनी सैतामा येथे पाचवे जागतिक विजेतेपद जिंकून शोल्कोव्ही निवृत्त झाला.

साव्हचेन्को तेव्हा तीस वर्षांची होती. ती थांबली असती तरी या खेळातील थोरांमध्ये तिची गणना झालीच असती. तिने निवडला तो ब्रुनो मासो, फ्रान्समधील कां शहराचा, तिच्याहून पाच वर्षांनी लहान आणि मोठ्या स्पर्धांतील पदकांची ओळख नसलेला खेळाडू. केम्निट्झ सोडून ती बव्हेरियाच्या आल्प्समधील ओबर्स्टडॉर्फला अलेक्झांडर क्योनिग यांच्याकडे गेली. मात्र फ्रेंच संघटना मासोला सोडायला तयार नव्हती. संघटनेच्या संमतीखेरीज दुसऱ्या देशाकडून खेळता येत नाही, त्यामुळे 2014-15 चा संपूर्ण हंगाम दोघांनी एकही स्पर्धा न खेळता नुसत्या सरावात काढला. अखेर 30,000 युरो मोजल्यावर मासोची सुटका झाली. पदकाच्या आशेने धरून ठेवलेला खेळाडू समजू शकतो. वापरायचाही नाही आणि सोडायचाही नाही, या वृत्तीला आपल्याकडे काय म्हणतात ते वाचकांना सांगायला नको.

2016 मध्ये बोस्टनला जागतिक कांस्य आणि 2017 मध्ये हेलसिंकीला रौप्य मिळाले. पुढचा अडथळा जर्मन भाषेचा होता. नागरिकत्वासाठी आवश्यक असलेल्या भाषेच्या परीक्षेत मासो एकाहून अधिक वेळा नापास झाला आणि प्यॉंगचांग ऑलिंपिक तोंडावर आल्यावर, नोव्हेंबर 2017 मध्ये, त्याला एकदाचे जर्मन नागरिकत्व मिळाले.

प्यॉंगचांगला पहिल्याच टप्प्यात घोळ झाला. दोघांनी एकाच वेळी करायच्या ट्रिपल साल्कॉव्ह उडीत मासोने तीनऐवजी दोनच गिरक्या घेतल्या. तिची उडी पूर्ण होती, पण अशा वेळी गुण मिळतात ते ज्याच्या गिरक्या कमी त्याच्या हिशेबाने. 76.59 गुणांसह ते चौथे, आणि पहिल्या स्थानावरील चीनच्या सुइ वेनजिंग व हान त्सोंग यांच्यापासून 5.80 गुणांनी मागे. दुसऱ्या दिवशी, 15 फेब्रुवारी 2018 रोजी, त्यांनी बर्फनृत्यातील माजी ऑलिंपिक विजेता, ब्रिटनच्या क्रिस्टोफर डीनच्या साहाय्याने बसवलेला कार्यक्रम सादर केला. सुरुवातीच्या थ्रोपासून शेवटच्या लिफ्टपर्यंत, म्हणजे पुरुषाने स्त्रीला डोक्यावर उचलून धरण्यापर्यंत, त्यात कुठे एक तुकडा संपून दुसरा सुरू झाला असे जाणवतच नाही. एरवी अवघड प्रकारापूर्वी जोड्या जी दमाची सरळ धाव घेतात, ती इथे जवळजवळ नाहीच. या कार्यक्रमाला 159.31 गुण मिळाले, तो तेव्हाचा विश्वविक्रम होता. पण त्यांच्यानंतर आणखी तीन जोड्या उतरायच्या होत्या. शेवटी आलेल्या सुइ आणि हान यांच्याकडून उड्यांत चुका झाल्या आणि सुवर्णपदक 235.90 विरुद्ध 235.47 अशा 0.43 गुणांनी जर्मनीकडे आले. 1952 नंतर प्रथमच जर्मन जोडीला हे पदक मिळाले आणि साव्हचेन्कोला तिच्या पाचव्या ऑलिंपिकमध्ये. त्याच स्पर्धेत चौथ्या आलेल्या रशियन जोडीच्या प्रशिक्षकांमध्ये रॉबिन शोल्कोव्ही होता.

महिन्याभराने मिलानच्या जागतिक स्पर्धेत दोघांनी वीस गुणांहून अधिक फरकाने विजेतेपद मिळवले. मुख्य कार्यक्रमात 162.86, एकूण 245.84. ही त्यांची शेवटची स्पर्धा ठरली. पुढच्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय संघटनेने गुणांकनाची पद्धत बदलली, आधीचे सर्व उच्चांक ऐतिहासिक म्हणून बाजूला ठेवले आणि नव्याने मोजणी सुरू केली. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या तक्त्यात जोड्यांच्या सर्वोच्च एकूण गुणांसमोर साव्हचेन्को आणि मासो हीच नावे आहेत, आणि ती आता कोणालाही खोडता येणार नाहीत.