पाचोळा आधी बुरशीला, मग गांडुळांना

संक्रांत झाली की आमच्या सोसायटीत पानगळ सुरू होते, ती थेट पाडव्यापर्यंत. विलायती शिरीष, आंबा, देशी बदाम, शिवाय कुंपणापलीकडचा पिंपळ. याच दिवसांत सकाळी नाशिकच्या गल्ल्यांमधून पाचोळ्याचा धूर निघतो, तो बघून मला फार वाईट वाटतं. कचरा जाळायला घनकचरा नियमांनी मनाई आहेच. पण नियम बाजूला ठेवला तरी, पान जाळलं की त्यातलं कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) हवेत जातं, मातीच्या वाट्याला येते नुसती राख.

गांडूळखत करायचं ठरलं की बरेच जण आधी गांडुळं विकत आणतात आणि कोरड्या पाचोळ्यावर सोडून देतात. तिथेच सगळं अडतं. गांडुळाला दात नसतात. त्याच्या शरीरात पेषणी असते, तिथे मातीच्या कणांबरोबर अन्न भरडलं जातं. पण कडक, मेणचट पान तिलाही झेपत नाही. बुरशी आणि जिवाणूंनी ते मऊ करायला हवं. गांडुळांचा नंबर त्यानंतर.

बुरशीला कामाला लावायचं तर शेण हवं. वाळक्या पानांत नत्राच्या एका भागाला कर्बाचे पन्नास किंवा जास्तच भाग असतात. गांडुळांना पंचवीस-तीस मानवतात. शेणातून नत्र मिळतं, म्हणून आम्ही पाचोळ्याच्या प्रत्येक थरावर शेणकाला शिंपडतो. ढीग असा तापतो की आत हात ठेववत नाही. अशा ढिगात गांडुळं सोडू नका, पस्तीस अंशांच्या वर ती तग धरत नाहीत. दोन-तीन आठवडे जाऊ द्या, ढीग पुरता निवू द्या.

सगळी पानं मात्र सारखी नसतात. शिरीषाचं पान बारीक, शेंगवर्गीय झाडाचं, लवकर कुजतं. आंब्याचं चिवट, त्याला वेळ द्यावाच लागतो. बदामाची मोठाली पानं ओली झाली की एकमेकांना चिकटून बसतात, मधे हवा जात नाही आणि आंबूस वास सुटतो. ती आधी तुडवून चुरा करावीत. झाडलोट करणाऱ्या आमच्या मावशींना हे माझ्याआधी कळलं. "ताई, बदामाचा ढीग निराळा ठेवलाय, अजून कडकड वाजतोय," असं त्या सांगतात. पायाखालच्या आवाजावरून त्यांना कुजण्याची अवस्था कळते. त्यांचं हे ज्ञान मला कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा मोलाचं वाटतं.

आमच्याकडे आयसेनिया फेटिडा ही तांबडी गांडुळं आहेत. ती पाचोळ्यातच, वरच्या थरात राहतात. ढिगावर झाकलेलं गोणपाट उचलून बघा. आंब्याच्या पानाचा गर गेलेला असतो, उरते नुसती शिरांची जाळी, आणि तिला चिकटलेले पिवळसर, दोन्ही टोकांना निमुळते, गांडुळांच्या अंड्यांचे कोष. एकेकातून दोन-चार पिल्लं निघतात.

खत काढायच्या आधी चार-पाच दिवस पाणी बंद करा. मग उजेडात ताडपत्रीवर त्याचे छोटे ढीग घाला. गांडुळं उजेड टाळत तळाला जातात, वरचं खत हातानं काढून चाळायचं. चाळणीवर राहिलेल्या शिरा आणि अर्धवट पानं फेकू नका, नव्या ढिगात तळाशी पसरा. त्यांच्यावर बुरशी आधीच असते, ती विरजणासारखी काम करते.