पिशवीसकट सरकलेली लेन्स

सोमवारच्या ओपीडीत परळचे एक काका आले, वय 74. "दादरला इंडिकेटर उजव्या डोळ्याने दोन-दोन दिसतो," म्हणाले. त्या डोळ्याचा मोतीबिंदू 9 वर्षांपूर्वी दुसरीकडे काढून कृत्रिम लेन्स बसवलेली.

एकाच डोळ्याने दोन दिसतंय म्हणजे लेन्सची कड बाहुलीत आली असणार. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, तेच निघालं. लेन्स खाली घसरली होती आणि नजर फिरवली की थरथरत होती. बाहुलीच्या काठावर कोंड्यासारखे कण, म्हणजे स्यूडोएक्सफोलिएशन, डोळ्यात असे कण साचण्याचा आजार. लेन्स नैसर्गिक भिंगाच्या पातळ पिशवीत, म्हणजे कॅप्सूलमध्ये बसवतात. जुन्या कागदांत तिच्या पुढच्या बाजूला केलेलं तोंड 4.5 मिमी लिहिलं होतं. आता ते जेमतेम 3 मिमी उरलं होतं, कड दुधासारखी पांढरी.

"लेन्स चुकीची बसवली होती का?" मुलाने विचारलं. तशी चूक बहुधा पहिल्या तीन महिन्यांतच उघडी पडते. इथे लेन्स पिशवीत नीट होती, पिशवीच निसटली होती.

मोतीबिंदू कितीही स्वच्छ काढला तरी पुढच्या कॅप्सूलच्या आतल्या बाजूच्या पेशी मागे राहतात. टीजीएफ-बीटा या संदेश देणाऱ्या प्रथिनाच्या प्रभावाने त्यांच्या मायोफायब्रोब्लास्ट, म्हणजे आकसू शकणाऱ्या पेशी होतात. त्यांच्यात स्नायूसारखं अ‍ॅक्टिन तयार होतं, त्या कोलॅजन घालतात आणि आकसतात. बटव्याची दोरी ओढावी तसं तोंड मिटत जातं आणि पिशवीला चहूबाजूंनी धरणाऱ्या बारीक तंतूंवर, झोन्यूल्सवर, ताण येतो. तोंड मुळात लहान ठेवलं तर पेशीही जास्त उरतात, ओढही वाढते. पिशवीच्या विषुववृत्ताजवळच्या, म्हणजे कडेच्या, पेशींची तऱ्हा वेगळी. त्या वाढत राहतात, त्यांचं सोमरिंग रिंग नावाचं जाड कडं बनतं आणि पिशवी जड होते. स्यूडोएक्सफोलिएशनमध्ये झोन्यूल्स आधीच कुजलेले, ते हे किती वर्षं सोसणार?

काकांना उताणं झोपवून पाहिलं. लेन्स मागे गेली, पण बुडाली नाही. त्यामुळे ती न बदलता पिशवीसकट स्क्लेराला, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला, बांधायचं ठरवलं. समोरासमोर दोन जागी, बुबुळाच्या कडेपासून 2 मिमी मागे, 9-0 जाडीचा पॉलिप्रोपिलीनचा धागा. त्याहून बारीक 10-0 चा धागा काही वर्षांनी झिजून तुटतो, म्हणून तो मी वापरत नाही. धाग्याचं एक टोक लेन्सच्या पायामागून (तिला पिशवीत टेकवणाऱ्या बारीक दांड्यामागून) पिशवीला भेदून, दुसरं पुढून. दोन्ही 26 गेजच्या सुईतून बाहेर. घट्ट झालेली कॅप्सूल धागा छान पेलते. खरा वेळ गेला तो दोन्ही बाजूंचा ताण सारखा करण्यात. एक बाजू जास्त ओढली की लेन्स तिरकी होते आणि तिरपा नंबर येतो.

डाव्या डोळ्यातही कण आहेत आणि मोतीबिंदू पिकतोय. तिथे तोंड 5.5 मिमीचं करणार, पुढच्या कॅप्सूलखालच्या पेशी पॉलिश करणार, पिशवी आतून ताणून धरणारी कॅप्सूलर टेन्शन रिंग घालणार. रिंग घालूनही पिशवी सरकलेली पाहिली आहे, पण निदान बांधायला आधार राहतो. सहा आठवड्यांनी बाहुली मोठी करून तपासायचं आणि कड पांढरी होऊन आवळताना दिसली, तर याग लेझरने तिला तीन-चार छेद द्यायचे, हे काकांच्या कागदावर आत्ताच लिहून ठेवलंय.